न खपलेल्या कलाकृती : ठेवाव्या, द्याव्या की मोडाव्या?



नंदुरबारची मिरची तुम्हा सर्वांच्या ओळखीची आहे. शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर वाळत घातलेली लाल मिरची ज्याने पाहिली, त्याला व्यापाराचा एक धडा वेगळा शिकवावा लागत नाही. माल वेळेवर गेला तर पैसा. राहिला तर रंग उतरतो, वजन घटते आणि जागेचे भाडे मात्र चालूच राहते. म्हणून मिरचीचा व्यापारी राहिलेल्या मालाचा निर्णय लवकर घेतो.

पण हाच माल मिरची नसून गणपतीची मूर्ती असेल तर? किंवा एखाद्या चित्रकला-शिक्षकाने तीस वर्षांत काढलेली दोनशे चित्रे असतील तर? मग निर्णय होत नाही. माळा भरतो, गाळा भरतो, शाळेची अडगळीची खोली भरते. टाकायला हात धजत नाही आणि ठेवायला जागा नसते. शेवटी निर्णय वाळवी घेते, उंदीर घेतो, नाहीतर छपरातून ठिबकणारे पाणी घेते. हा निर्णय आपण स्वतः शहाणपणाने कसा घ्यावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. हा प्रश्न आपल्या वाडवडिलांना फारसा पडलाच नव्हता. घराच्या भिंतीवर चित्र काढले जाई ते लग्नासाठी किंवा सणासाठी. कार्य पार पडले, पुढे पावसाळा आला, पुन्हा सारवण झाले, की जुने चित्र त्याच भिंतीत जिरून जाई. अंगणातली रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसली जाई. नदीकाठच्या मातीची मूर्ती पुन्हा नदीत जाई. म्हणजे कलाकृती करण्याची जशी रीत होती, तशीच ती निरोपाला लावण्याचीही रीत होती. कोकणात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजाचे लोक चित्रकथी दाखवीत. म्हणजे सुट्या चित्रांची पोथी एकामागून एक उलगडीत रामायण-महाभारतातल्या कथा सांगत. पोथी फार जीर्ण झाली की ती पाण्यात सोडण्याची त्यांच्यात चाल होती. चित्राचे आयुष्य संपले, तर त्याला मान देऊन निरोप द्यावयाचा, ही त्यामागची भावना.

पुढे काय झाले? भिंतीवरचे चित्र कागदावर आणि कॅनव्हासवर आले. मातीची मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसची झाली. घरच्या कार्यासाठी होणारी वस्तू बाजारासाठी होऊ लागली. बाजारासाठी केलेली वस्तू न खपण्याची शक्यता असतेच. आणि नव्या वस्तूंचा जीव चिवट. त्या आपोआप मातीत मिळत नाहीत. जुनी रीत मोडली आणि नवी रीत अजून बसलेली नाही. आपली अडचण नेमकी येथे आहे.

तेव्हा समोर पडलेल्या प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारावे. ही कशाची केलेली आहे? ही सांभाळण्याचा खर्च किती? आणि माझ्यामागे हिला सांभाळणारे कोणी आहे काय? या तीन उत्तरांवरून बहुतेक निर्णय होतात. आता आधी मूर्तींचे पाहू आणि मग चित्रांकडे वळू.

नंदुरबार हे मूर्तिकामाचे मोठे ठिकाण. येथल्या कारखान्यांतून गणेशमूर्ती केवळ खानदेशात नव्हे, तर शेजारच्या गुजरात व मध्य प्रदेशातही जातात. साच्यातून मूर्ती काढणारे, जोड घासणारे, रंग देणारे, डोळे रेखणारे अशा अनेक घरांची चूल त्यावर पेटते. हंगाम काही आठवड्यांचा. तयारी मात्र वर्षभराची. म्हणून हंगामात एक तडाखा बसला की माल अंगावर पडतो. 2020 साली करोनाच्या साथीत राज्य शासनाने सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची आणि घरच्या मूर्तीला दोन फुटांची मर्यादा घातली. 2021 सालीही तीच मर्यादा राहिली. ज्यांनी आधीच उंच मूर्ती घडवून ठेवल्या होत्या, त्यांनी त्या दोन वर्षांत काय सोसले असेल, याची कल्पना करा.

आता हिशेब मांडू. समजा, एका कारागिराच्या पन्नास मूर्ती शिल्लक राहिल्या. नवी मूर्ती घडवायला तीनशे रुपये खर्च येतो असे धरू. गाळ्याचे भाडे महिना एक हजार. पुढच्या हंगामापर्यंत अकरा महिने, म्हणजे अकरा हजार. मधल्या काळात पाच मूर्ती फुटल्या. उरलेल्या पंचेचाळीस मूर्तींना पुन्हा रंगाचा हात द्यावा लागेल. मूर्तीमागे चाळीस रुपये म्हणजे अठराशे. एकूण झाले बारा हजार आठशे. पंचेचाळीसने भागा. एका मूर्तीमागे सुमारे दोनशे चौऱ्याऐंशी रुपये! म्हणजे जुनी मूर्ती सांभाळण्याचा खर्च नवी घडविण्याच्या जवळपास पोहोचला. वाचले ते जेमतेम सोळा रुपये. आणि तेवढ्यासाठी पुढच्या वर्षी लोकांना तोच आकार आवडेल की नाही, ही जोखीम डोक्यावर घेतली.

पण हीच मूर्ती स्वतःच्या घरात, कोरड्या व रिकाम्या पडवीत ठेवता आली, तर भाडे नाही. मग खर्च फक्त रंगाचे चाळीस रुपये. अशा वेळी ठेवणेच शहाणपणाचे. पाहा, मूर्ती तीच, पण जागा बदलली की उत्तर बदलते. आकडे प्रत्येकाचे निराळे असतील; मोडण्याचाही खर्च असतो, तोही धरावा. एक पथ्य मात्र पाळावे. घडवताना खर्च झालेले तीनशे रुपये या हिशेबात घेऊ नयेत. ते गेले ते गेले. ‘एवढे पैसे घातलेत, आता टाकू कशी?’ हा विचारच माणसाला वर्षानुवर्षे भाडे भरायला लावतो. यापुढे किती जाणार आणि किती येणार, एवढेच पाहावे. आणि वर्षभर थांबण्याआधी माघ शुद्ध चतुर्थीची आठवण ठेवावी. माघी गणेशोत्सवाची प्रथा आता पुष्कळ गावांत रुजते आहे. लहान मूर्तींना तेथे मागणी निघू शकते.

मोडावयाची ठरली तर कशी मोडावी? शाडूची असेल तर काम सोपे. येथे एक गंमत आहे. ओलसर शाडू पाण्यात टाकला तर तो लवकर विरघळत नाही. पूर्ण वाळलेला मात्र चटकन सुटतो, कारण कोरड्या मातीत पाणी वेगाने शिरते. म्हणून आधी मूर्ती खडखडीत वाळू द्यावी, वरचा रंग खरवडावा, तुकडे करून पाण्यात भिजत घालावे. दुसऱ्या दिवशी लगदा गाळून घ्यावा, कापडावर पसरून जादा पाणी जाऊ द्यावे आणि माती मळून ठेवावी. तीच माती पुढल्या मूर्तीला चालते. शाळेत मुलांकडून मूर्ती करवून घेणाऱ्या शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा.

प्लास्टर ऑफ पॅरिसचे तसे नाही. जिप्सम नावाचा खनिज दगड सुमारे दीडशे अंशांपर्यंत तापवला की त्यातले बरेचसे पाणी उडून जाते व ही पांढरी पूड उरते. तिच्यात पाणी मिसळले की ती पाणी शोषून पुन्हा जिप्सम होते, म्हणजे दगड होते. आणि दगड पाण्यात कसा विरघळणार? म्हणून विसर्जनानंतर या मूर्ती दिवसेंदिवस तशाच राहतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर एक उपाय सुचविला. बेकरीत वापरतात तो अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात विरघळवावयाचा आणि त्यात मूर्ती बुडवून ठेवावयाची. सोडा साधारणपणे मूर्तीच्या वजनाइतका लागतो. अधूनमधून ढवळत राहिले तर घरगुती आकाराची मूर्ती दोनेक दिवसांत विरघळते. तळाशी बसतो तो खडूसारखा चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आणि वरच्या पाण्यात उतरते ते अमोनियम सल्फेट. आता अमोनियम सल्फेट म्हणजे काय, हे शेतकरी वाचकांना सांगावयास नको. ते खतच आहे. मात्र हे काम उघड्यावर करावे, कारण अमोनियाचा उग्र वास नाकाला झोंबतो. आणि रंग आधी खरवडून काढावा. काही रंगांत शिसे व तशीच विषारी द्रव्ये असतात. तसले पाणी पिकाला घालू नये.

कायद्याचीही बाजू आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे 2020 मध्ये अशा मूर्तींवर बंदी घालणारे सूचनापत्र काढले. पुढे प्रकरण न्यायालयात गेले. जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या मूर्ती घडविण्यास व विकण्यास वाट मोकळी केली, पण परवानगीवाचून नैसर्गिक पाण्यात त्यांचे विसर्जन होता कामा नये असे बजावले; आणि जुलैमध्ये सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करण्याचा आदेश दिला. म्हणजे नियम दरवर्षी हलत आले आहेत. तेव्हा शिल्लक माल पुढच्या वर्षावर टाकताना, पुढच्या वर्षी नियम काय असतील याचीही जोखीम आपण घेत असतो. साचे भरण्यापूर्वी नगरपालिकेत एक चक्कर टाकून चौकशी करावी, हे उत्तम.

कोणी म्हणेल, ‘अहो, पण देवाची मूर्ती मोडायची कशी?’ शंका रास्त आहे, आणि तिला उत्तरही परंपरेतच आहे. प्राणप्रतिष्ठा झाल्यावर त्या आकारात देवत्व आले असे आपण मानतो आणि उत्तरपूजेनंतरच मूर्ती हलवतो. ज्या मूर्तीची प्रतिष्ठाच झाली नाही, ती अजून कारागिराच्या हातची माती आहे. तरीही पाहणाऱ्याच्या मनाला लागेल असे काही करू नये. उकिरड्यावर किंवा नाल्याच्या काठी मूर्ती टाकून देणे, हा खरा अनादर. आडोशाला, स्वच्छ जागी, नीट मोडून मातीची माती करणे यात अनादर नाही.

आता चित्रांकडे वळू. येथे प्रश्न अधिक नाजूक आहे. मूर्ती साच्यातून पुन्हा निघते. चित्र पुन्हा निघत नाही. शिवाय न खपलेले चित्र टाकाऊच असते, असे म्हणता येत नाही. याचा मोठा दाखला परदेशातला आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉग हा डच चित्रकार 1890 साली वारला, तेव्हा त्याची बहुतेक चित्रे न विकली गेलेलीच होती. त्यांचे दोन ढीग झाले. एक ढीग त्याने फार पूर्वी घरी सोडून दिला होता. त्याच्या आईने गाव बदलताना पेट्या एका सुताराकडे ठेवल्या आणि त्या परत कोणी नेल्याच नाहीत. शेवटी तो माल भंगारवाल्याच्या हाती गेला. दुसरा ढीग पॅरिसला त्याच्या भावाकडे, थिओकडे होता. थिओही सहा महिन्यांत वारला. मागे राहिली त्याची तरुण पत्नी योहाना आणि तिचे तान्हे मूल. ‘कशाला हे ओझे सांभाळतेस?’ असाच सल्ला तिला मिळाला. तिने तो मानला नाही. चित्रांची यादी होती. तिने ती प्रदर्शनांना पाठवली, थोडी थोडी विकली, दोघा भावांची पत्रे 1914 साली छापून काढली. पुढे त्यातूनच ॲमस्टरडॅमचे संग्रहालय उभे राहिले. ते 1973 साली उघडले.

चित्रकार एकच, हात एकच. मग एक ढीग भंगारात का गेला आणि दुसरा जगासमोर का आला? पहिल्याला धनी नव्हता. दुसऱ्याला यादी होती आणि जीव लावणारे माणूस होते. मी वर तिसरा प्रश्न सांगितला, माझ्यामागे कोण, तो यासाठी. एरवी प्रत्येक माळ्यावर व्हॅन गॉग झोपलेला असतो असे मानण्याचे कारण नाही. खुद्द व्हॅन गॉगही आपली जुनी चित्रे सरसकट जपत नसे. कॅनव्हास महाग म्हणून कित्येकदा जुन्यावरच नवे रंगवी. ‘गवताचा तुकडा’ या त्याच्या चित्राखाली एका स्त्रीचे मुख दडलेले आहे, हे 2008 साली क्ष-किरणांनी दाखवून दिले.

आपल्याकडेही चांगला दाखला आहे. वर पिंगुळीच्या चित्रकथीचा उल्लेख केला. जुन्या पोथ्या पाण्यात सोडण्याची चाल असतानाच, परशुराम गंगावणे यांनी त्या जपण्याचे मनावर घेतले आणि आपल्या गोठ्याचेच संग्रहालय केले. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पाहा, जागा नव्हती असे नाही. गुरांच्या जागेतून ती काढली. पण ती काढण्यापूर्वी काय जपावयाचे हे त्यांनी मनाशी ठरवले होते.

म्हणून चित्रांचे चार भाग करावे. दिवाळीच्या साफसफाईत दोन दिवस त्यासाठी राखून ठेवावे. पहिला भाग जपण्याचा. यात चित्रकाराच्या प्रत्येक काळातली उत्तम अशी थोडी चित्रे असावी. दहा म्हटली तर दहाच. दुसरा भाग देण्याचा, तिसरा कमी किमतीत विकण्याचा आणि चौथा मोडून पुन्हा वापरण्याचा. कागदाची पाठ कोरी असते, चौकट पुन्हा कामी येते, कॅनव्हास घासून त्यावर पुन्हा रंगवता येते. वाटणी करण्यापूर्वी प्रत्येक चित्राचा फोटो घ्यावा आणि वहीत नाव, साल, माप, कशावर काढले, ते लिहावे. हल्ली खिशातल्या फोननेही हे काम होते. फोटो व नोंद असली की चित्र दूर करणे मनाला सोपे जाते. हे काम चित्रकाराने हयातीतच करावे. मागे राहिलेल्या मुलाबाळांना त्यातले बरेवाईट कळत नाही. मग ती सगळे ठेवतात किंवा सगळे रद्दीत घालतात.

देण्याविषयी दोन शब्द. ‘घ्या एकदाचे’ म्हणून गाठोडे टाकून येणे म्हणजे दान नव्हे. ते आपली अडगळ दुसऱ्याच्या घरी नेणे होय. ग्रामपंचायत, आरोग्यकेंद्र, वाचनालय, आश्रमशाळा यांना आधी विचारावे, भिंत पाहावी, त्या भिंतीला शोभेल असे एकच चित्र द्यावे आणि दिल्याची चिठ्ठी करावी. संस्थेकडे गेले म्हणजे जपले गेले असेही नव्हे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले भव्य भित्तिशिल्प 1979 साली काढून कोठारात टाकण्यात आले व त्याची मोडतोड झाली. ते न्यायालयात गेले आणि 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते शिल्प त्यांना परत देण्याचा व पाच लाख रुपये भरपाईचा निकाल दिला. वस्तू विकली वा दिली तरी तिच्यावरचा कलावंताचा काही हक्क शिल्लक राहतो, हे त्यातून स्पष्ट झाले. चित्राच्या प्रती काढण्याचा हक्कही, लिहून दिला नसेल तर, सामान्यतः चित्रकाराकडेच राहतो.

आणखी एक सावधगिरी. घरात आजा-पणजाच्या वेळची चित्रे, कोरीव लाकूडकाम किंवा मुखवटे असतील, तर ते दारावर आलेल्या फेरीवाल्याला भांड्यांच्या बदल्यात देऊ नका. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंना 1972 चा पुरावस्तू कायदा लागू होतो. त्या परदेशी नेण्यास खासगी व्यक्तीला मनाई आहे. जाणकाराला दाखवावे आणि मगच काय ते ठरवावे.

जी चित्रे ठेवावयाची ती नीट ठेवा. आपल्याकडे उन्हाळा कडक, आणि नवापूर-धडगावकडचा पावसाळा दमट. कागद जमिनीपासून हातभर उंच, भिंतीला न टेकता ठेवावा. मध्ये वर्तमानपत्र घालू नये. त्याचा पिवळेपणा चित्राला लागतो. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नये. आत दमट हवा कोंडते व बुरशी धरते. सुती कापड बरे. तैलचित्र गुंडाळावेच लागले तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, जाड नळीवर सैल गुंडाळावे; आत ठेवली तर रंगाला सुरकुत्या पडून तो तडकतो. पावसाळ्यानंतर एकदा सारे उघडून सावलीत वारे द्यावे.

शेवटी शिक्षकबंधूंना व भगिनींना एक विनंती. शाळेच्या कपाटात मुलांची जुनी चित्रे असतात. वर्ष संपले की ती रद्दीत जातात. सगळी ठेवता येणार नाहीत, हे मान्य. पण डहाणूकडच्या वारली चित्रांची कथा आठवा. भिंतीवर होणारी आणि सारवणात जिरणारी ती कला 1970 नंतरच्या काळात कागदावर उतरली आणि जिव्या सोमा मशे यांचे नाव सातासमुद्रापार गेले. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या आधी किती भिंती सारवल्या गेल्या असतील, ते कोण सांगणार? सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा, कोकणी घरची मुले होळीचे ढोल काढतात, मोरपिसांचे टोप काढतात, आपल्या घराची कुडे काढतात. त्यांतली दरवर्षी पाच-दहा चित्रे निवडा, मागे मुलाचे नाव, गाव, साल लिहा आणि बाकीची मुलांच्या हाती परत द्या. निवडायचे कोणते, हे मुलांनाच विचारा. वीस वर्षांनी शाळेकडे एक लहानसे जाडसर पुडके असेल. तेवढ्याला एक फळी पुरते.